हरवता न येणारी वाट

सोलापूर जिल्ह्यातल्या बोरामणीच्या गवताळ माळरानावर दगडांनी मांडलेला एक भला मोठा गोल चक्रव्यूह असल्याची बातमी २०२५ च्या अखेरीस वर्तमानपत्रांत आली. एकात एक असे १५ वेढे, रुंदी सुमारे ५० फूट. रोमशी व्यापार चालत असे त्या सातवाहन काळातला, म्हणजे साधारण २००० वर्षांपूर्वीचा तो असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. क्रीट बेटावरच्या जुन्या नाण्यांवर अशाच प्रकारची आकृती सापडते.

स्टाफरूममध्ये या बातमीवर बोलणे निघाले तेव्हा एका सरांनी विचारले, "मॅडम, यात शिरलेला माणूस बाहेर कसा येत असेल?" प्रश्न साहजिक आहे. चक्रव्यूह म्हटले की आपल्याला अभिमन्यू आठवतो, भूलभुलैया म्हटले की लखनौचा बडा इमामबाडा. दोन्हीकडे माणूस अडकतो. पण बोरामणीच्या आकृतीची गंमत वेगळीच आहे. तिथे वाट एकच असते. ती वळत वळत मध्यापर्यंत नेते आणि त्याच वाटेने परत आणून सोडते. फाटे नाहीत, बंद गल्ली नाही. हरवायचे ठरवले तरी हरवता येत नाही. डावे की उजवे, हा प्रश्नच नसल्यामुळे डोक्याला काम उरत नाही आणि पावले चालत राहतात. लखनौच्या भूलभुलैयात डोके सतत पणाला लागते. इथे ते मोकळे होते. दोन्हींना आपण एकाच शब्दाने ओळखतो, हा आपल्या भाषेचा थोडा अन्यायच आहे.

युरोपात अशा आकृत्या चर्चच्या फरशीवर कोरल्या गेल्या. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये तेराव्या शतकातली ११ वेढ्यांची आकृती आजही आहे. एरवी तिच्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात. १९९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलच्या धर्मोपदेशिका लॉरेन आर्ट्रेस यांनी ही चाल पुन्हा लोकांपुढे आणली. आता तिकडे इस्पितळांच्या आवारात, बागांमध्ये, तुरुंगातसुद्धा अशा वाटा आखतात. कुणी प्रार्थना म्हणून चालतो, कुणी नुसता श्वास सावरायला.

यावर आपल्यातले काही लोक लगेच म्हणतील, हे चर्चवाल्यांचे आहे, आपल्याला कशाला? माझे म्हणणे असे की मन शांत करायला पावलांचा आधार घेणे आपल्याला मुळीच परके नाही. तवाफमध्ये काबागृह डाव्या हाताला ठेवून ७ फेऱ्या घालतात. सफा आणि मरवा यांच्यामधल्या ७ खेपा म्हणजे तीन किलोमीटरहून थोडे जास्त चालणे. तवाफ ही इबादत आहे; तिची बरोबरी मैदानावर आखलेल्या रेघांशी करण्याचा गुन्हा मी करणार नाही. एवढेच सांगायचे आहे की बसून डोळे मिटणे हाच शांततेचा एकमेव मार्ग, हे आपल्या दीनने कधी मानलेले नाही. जमात उभी राहिली तरी धावत येऊ नका, सावकाश चालत या, अशी हदीसमध्ये ताकीद आहे. सूरह फुरकानमध्ये रहमानच्या बंद्यांची जी ओळख सांगितली आहे, तिची सुरुवातच त्यांच्या नम्र चालण्यापासून होते.

आणि नक्शबंदी सूफींनी तर याला तत्त्वाचे रूप दिले. बुखाराजवळच्या अब्दुल खालिक गिजदुवानी यांच्या नावावर जी तत्त्वे सांगितली जातात त्यांत एक आहे 'नजर बर कदम', म्हणजे चालताना नजर पावलांवर. दुसरे 'होश दर दम', प्रत्येक श्वासाचे भान. तिसरे मला सर्वांत आवडते, 'खल्वत दर अंजुमन': गर्दीत राहूनही आतला एकांत. हा सिलसिला आपल्यापासून लांबचा नाही. खानदेशची जुनी राजधानी बऱ्हाणपूर, आज मध्य प्रदेशात असलेली. तिथे सतराव्या शतकात ख्वाजा हाशिम किश्मी यांनी याच सिलसिल्याचे काम केले. औरंगाबादची पाणचक्की पाहायला आपण मुलांच्या सहली नेतो, तीही बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी बुजुर्गांच्या खानकाहची. आपण मुलांना पाणी कुठून येते ते दाखवतो. तिथले बुजुर्ग काय शिकवत होते, ते सांगायचे राहून जाते.

मग अडचण कशाची आहे? माझ्या मते जागेची. धुळ्यात यंत्रमागांच्या वस्तीत दिवसरात्र खडखडाट असतो. जळगावात आमच्या मोहल्ल्यात दोन खोल्यांत सात-आठ माणसे राहतात, एकाच वेळी टीव्ही, मोबाइल आणि कुकर चालू असतो. अशा घरातल्या दहावीच्या मुलीला मी 'मन एकाग्र कर' म्हणते तेव्हा माझे मलाच हसू येते. कशावर आणि कुठे बसून करणार ती? पुरुषांना निदान मशिदीचा सहन आहे. नमाज झाल्यावर खांबाला टेकून पाच मिनिटे कुणी बसला तर त्याला कोणी काही विचारत नाही. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत एतिकाफला बसायची सोय आहे. स्त्रियांनी मशिदीत यावे की नाही, यासाठी पुण्याच्या एका दांपत्याला २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने शपथपत्रात सांगितले की इस्लाममध्ये तशी मनाई नाही. ठीक आहे, मनाई नाही. पण आमच्याकडच्या किती मशिदींत स्त्रियांसाठी वेगळा दरवाजा आणि वुजूची जागा आहे, ते ज्याने त्याने आपल्या गल्लीत पाहावे.

बाहेर चालायला जावे तर तेही सोपे नाही. मेहरूण तलावाकाठी पहाटे चालणारे पुष्कळ असतात, पण रोज एकटीने तिथे जायला घरून हो म्हणतील, अशा मुली आमच्या मोहल्ल्यात थोड्या. शांत जागा आहेतच. थाळनेरला तापीकाठी फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत, धुळ्याजवळ लळिंगचा किल्ला आहे. वर्षातून एकदा सहलीला ठीक. रोजच्या दहा मिनिटांसाठी कोण जाणार?

म्हणून या आकृतीचा मला मोह पडला. तिला मोठी जागा लागत नाही. मधोमध एक अधिकची खूण काढायची, तिच्या चार खणांत चार काटकोन आणि चार कोपऱ्यांवर चार ठिपके. मग अधिकच्या वरच्या टोकापासून सुरू करून एकेक टोक पलीकडच्या पुढच्या टोकाला कमानीने जोडत जायचे. ठिपक्यांची रांगोळी काढणारी कोणतीही मुलगी हे एका बैठकीत शिकते. ७ वेढे तयार होतात. वाट दोन फुटांची ठेवली तर ३०-३५ फूट मोकळे मैदान पुरते, आणि आत जाऊन परत येईपर्यंत पाव किलोमीटरच्या आसपास चालणे होते. सावकाश चालले तर दहा मिनिटे. खर्च म्हणाल तर कबड्डीचे मैदान आखायला आणतो तेवढी फक्की.

आठवीच्या मुलींकडून मी ती आखून घेतली. पहिले दोन दिवस नुसती धावाधाव आणि आरडाओरडा. कोण आधी मध्यात पोहोचते याची शर्यत. मी अडवले नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर एक जण चपला हातात घेऊन एकटीच हळूहळू चालताना दिसली. तिच्या मागे आणखी दोघी, अंतर ठेवून. "टीचर, यात काय पढायचं असतं?" असे एकीने विचारले. काही नाही, असे मी सांगितले. वाटले तर तस्बीह पढ, नाही तर पावले मोज. तिला ते उत्तर फारसे पटले नसावे, पण ती चालली.

शाळेच्या या मैदानावर कुणाला बिदअत दिसत असेल तर त्यांनी हे पाहावे की इथे सवाबचा दावा कुणी केलेला नाही. हा व्यायामाचा तास समजा. बिदअतची इतकी काळजी असलेल्यांनी मोहल्ल्यातल्या लग्नांच्या डीजेवरही तेवढ्याच जोरात बोलावे, म्हणजे निदान आवाज तरी कमी होईल.

मशिदीच्या आणि शादीखान्याच्या ट्रस्टींना माझी एक विनंती आहे. बहुतेक शादीखान्यांची गच्ची आठवड्यातले पाच दिवस रिकामी असते. असर ते मगरिब तेवढा वेळ ती बायका-मुलींसाठी उघडा. मैदानावरची फक्की पहिल्या पावसात वाहून जाते. गच्चीवर ऑइलपेंटने आखलेली रेघ दोन-तीन वर्षे तरी टिकेल. डबा आणि ब्रश आम्ही आणू. जिन्याची किल्ली तेवढी द्या.