दुरुस्तीची पाळी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या दुरुस्तीवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविमा, सातबारा, परीक्षेचे प्रवेशपत्र ही सारी कामे आज संगणकावरूनच होतात. तेव्हा सॉफ्टवेअरमधील चुका केव्हा आणि किती वेळा दुरुस्त कराव्यात, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाही.

गेल्या वर्षी आमच्या एका वर्गमित्राचा अर्ज शेवटच्या दिवशी अडकला. आदल्या रात्री त्या संकेतस्थळावर 'सुधारणा' झाली होती. तिने जुनी चूक गेली, पण आधी जोडलेली कागदपत्रे दिसेनाशी झाली. बिचारा एस.टी.ने गेवराईला आला, दिवसभर केंद्रावर बसला आणि तसाच परतला. चूक सुधारणे चांगलेच; परंतु वेळ चुकली तर सुधारणाच नवी चूक ठरते.

मग दुरुस्त्या वर्षातून एकदाच कराव्यात काय? तेही धोक्याचे आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक घातक दोष बुजवणारी दुरुस्ती 14 मार्च 2017 रोजी दिली होती. अनेकांनी ती बसवलीच नाही. 12 मे रोजी 'वॉनाक्राय'चा हल्ला झाला आणि सुमारे 150 देशांतील संगणक त्यात सापडले. इंग्लंडमधील रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या.

उलट घाईचेही उदाहरण आहे. 19 जुलै 2024 रोजी 'क्राउडस्ट्राइक' कंपनीने एक सदोष बदल एकदमच सर्वत्र पाठवला. जगातील सुमारे 85 लाख संगणक कोलमडले. आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. कपाशीवर नवे औषध मारायचे तर शहाणा शेतकरी आधी चार ओळींवर मारून पाहतो. एवढे तारतम्यही तेथे राहिले नाही.

या दोन टोकांमधला मार्ग आपल्याच तालुक्यात सापडतो. जायकवाडीच्या उजव्या कालव्याला पाण्याची पाळी असते. तारीख आधी कळली, म्हणजे शेतकरी दांड नीट करून ठेवतो. पाणी अवचित आले तर ते वाया जाते. मात्र कालव्याला भगदाड पडले, तर ते बुजवायला पुढच्या पाळीची वाट कोणी पाहत नाही.

सॉफ्टवेअरलाही हाच न्याय लावावा, असे मला वाटते. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2003 पासून दर महिन्याचा दुसरा मंगळवार दुरुस्तीसाठी ठरवला, तो याच विचाराने; दोष फार गंभीर असेल तर अधूनमधूनही दुरुस्ती येते. शिवाय वस्तू जसजशी परिपक्व होते, तसतशी पाळी लांबवताही येते. डोनाल्ड क्नुथ यांनी छपाईच्या जुळणीसाठी 'टेक' नावाची प्रणाली तयार केली. तिच्या दुरुस्त्या त्यांनी 2008, 2014 आणि 2021 साली केल्या; पुढची 2029 साठी ठेवली आहे. पण ज्या कामात चोरांची नजर आपल्या पैशांवर असते, तेथे एवढा धीर परवडणारा नाही.

म्हणून सरकारी संकेतस्थळे चालवणाऱ्यांकडे माझे तीन आग्रह आहेत. साध्या दुरुस्त्यांची तारीख आधी जाहीर करावी. अर्जाच्या शेवटच्या पंधरवड्यात त्यांना हात लावू नये. सुरक्षेचा दोष निघालाच, तर तो थोड्या संगणकांवर तपासून तत्काळ बुजवावा आणि त्यात जितके दिवस गेले तितकी मुदत वाढवून द्यावी. आपणही मोबाईलवर आलेली सूचना 'नंतर' म्हणून महिनोन्महिने ढकलू नये.

यात अवघड असे काही नाही. दुरुस्ती करणाऱ्याने पलीकडे रांगेत बसलेला माणूस डोळ्यांपुढे ठेवला, तर वेळ आपोआप ठरेल. आमच्या मित्राचे वर्ष त्या एका रात्रीने अडचणीत आले, हे मात्र मी विसरू शकत नाही.