हीटर 'बायपास' करणाऱ्यांनो...

परवा रविवारी एका मित्राची एमजीबी बघायला गेलो. 1967 ची, तीन वर्षं खपून उभी केलेली. रंग असा की दरवाज्यात बघून भांग पाडावा. हौसेनं बॉनेट उघडलं तर हीटरकडे जाणारे दोन होज पाईप एकमेकांना जोडलेले!

"हे काय रे?"

"अरे, मॅट्रिक्स गळत होता. मी गाडी उन्हाळ्यातच काढतो, हीटर काय करायचाय?"

इंग्लंडचा उन्हाळा! इतकी वर्षं इथे राहून माणूस असं बोलतो म्हणजे धन्य आहे.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची ही जुनी खोड. एरर येतेय? ती ओळच कमेंट करून टाका. झालं काम.

हीटर पाय शेकायला असतो, हाच मुळात गैरसमज. पाय शेकायला ब्लँकेट आहे की. हीटर समोरची काच कोरडी ठेवायला असतो. कापडी टपाची गाडी, आत ओल, दोन माणसांचे श्वास... पाच मिनिटांत काच दुधासारखी होते. माझ्याही गाडीत एका गॅरेजवाल्याने असाच बायपास करून ठेवला होता. ऑक्टोबरची संध्याकाळ, पाऊस, एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात फडकं. सायकलवाला दिसला तो अगदी बंपरपाशी. वाचला. शेजारी बसलेली बायको घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

आता तर 40 वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना मे 2018 पासून वार्षिक एमओटी तपासणीही सक्तीची नाही. म्हणजे बघणारे आपणच.

"मूळ गाडीत हीटर नव्हताच" म्हणणारेही भेटतात. सुरुवातीला एमजीबीला तो ऐच्छिक होता, खरंय. पण ज्याने तेव्हा जादा पैसे मोजले तो काही वेडा नव्हता.

काम किचकट आहे, मान्य. ॲबिंग्डनच्या कारखान्यात आधी हीटर टांगायचे आणि मग त्याच्याभोवती गाडी बांधायचे, असा विनोदच आहे. पण रिस्टोरेशनमध्ये इंजिन बाहेर असतं, तेव्हा खोकं काढायला याहून बरी वेळ कुठली? मॅट्रिक्स म्हणजे छोटा रेडिएटरच. दोन्ही बाजूंनी पाणी सोडा, गंजाचा रंग जाईपर्यंत. मग एक तोंड बंद करून बादलीत बुडवा, सायकलच्या पंपाने हलकी हवा भरा (हलकी! रेडिएटरच्या झाकणावरच्या आकड्यापुढे जाऊ नका). बुडबुडे आले की गळती सापडली. मोटर टेबलावरच बॅटरीला जोडून फिरवा. सिलिंडर हेडवरचा व्हॉल्व्ह खरंच उघडतो का, ते पाहा.

आणि फोम! इथे भलेभले चुकतात. मॅट्रिक्सभोवतीचा फोम भुगा झाला की हवा मॅट्रिक्समधून न जाता कडेने निसटते आणि गारच बाहेर येते. मग हे लोक म्हणणार, "या गाड्यांचे हीटर असेच." असेच नाहीत हो! दहा मिनिटांचं फोम चिकटवायचं काम तुम्ही केलेलं नाही. काचेकडे जाणाऱ्या नळ्याही डॅशखाली निसटून लोंबत असतात, त्या कोण बसवणार?

क्रोमला मात्र सहा वेळा पॉलिश.

असो. मित्राने जुना मॅट्रिक्स फेकलेला नाही, शेडमध्ये आहे म्हणाला. शनिवारी बादली आणि पंप घेऊन जातोय. तोवर पावसात त्याच्या शेजारी बसणार नाही, हे तोंडावर सांगून आलोय.