दत्तक गावातली डॉक्टरकी

मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन लिहून देणं सोपं. ज्याच्या घरी फ्रीज नाही त्याने ते माठाच्या गारव्यात कसं ठेवायचं, तपासणीपायी मजुरी बुडाली तर घर कसं चालवायचं, हे डॉक्टरला कोण शिकवणार?

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाने ते शिकवलं. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये सुरू केलेल्या या संस्थेत प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. विद्यार्थी तिथे मुक्काम करतात, वाट्याला आलेल्या कुटुंबांकडे पुढेही जात राहतात. तिथल्याच कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांत आरोग्यविमा राबवला. सुगीला ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि उपचारांत सवलत मिळवायची, अशी ती रीत.

आता राष्ट्रीय अभ्यासक्रमातही कुटुंब दत्तक घेणं आलं आहे. ते नोंदवहीपुरतं उरू नये. महात्मा फुले जन आरोग्य योजना रुग्णालयातल्या उपचारांचा खर्च उचलते. महिनोन्‌महिने गोळ्या, पथ्य आणि घरची अडचण यांचा मेळ घालणारा डॉक्टर मात्र घडवावाच लागतो. आपला रुग्ण फेरतपासणीला आला का, नसेल तर का नाही, हे प्रश्न महाविद्यालयांनी प्रत्येक विद्यार्थ्याला परीक्षेत विचारावेत, ही आमची आग्रहाची मागणी आहे.