नवा ट्रॅक्टर स्वस्त झाला, पण जुन्याच्या ऑइल सीलचं काय?

नांदेड/लातूर : २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ३५ एचपीच्या ट्रॅक्टरमागे ४१ हजार आणि ४५ एचपीमागे ४५ हजार रुपये वाचतील, असं केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी तेव्हा सांगितलं होतं. शोरूमवाल्यांच्या जाहिराती लगेच मोबाईलवर सुरू झाल्या. पण मुखेड, कंधार, देगलूर, उदगीर, अहमदपूर भागातल्या गावात फिरून बघा. कितीतरी दारात उभा आहे तो जुनाच ट्रॅक्टर. कुठं मॅसी १०३५, कुठं महिंद्रा बी-२७५, कुठं स्वराज ७३५, कुठं एचएमटी. आणि खाली मातीवर ऑइलचा काळा डाग.

प्रश्न सरळ आहे. ज्याच्या ट्रॅक्टरला गळती लागली त्यानं या सवलतीत नवा घ्यावा, का जुनाच दुरुस्त करावा?

सवलत कशाला, कशाला नाही

ट्रॅक्टरसोबत टायर-ट्यूब, हायड्रॉलिक पंप, क्लच असेंब्ली, गिअरबॉक्स, रेडिएटर असे भागही १८ वरून ५ टक्क्यांत आले. ही चांगली गोष्ट झाली. पण ऑइल सील, रबरी वॉशर, गॅस्केट या वस्तू कराच्या नियमात गाडीचा भाग धरत नाहीत. त्या रबराच्या किंवा यंत्रसामानाच्या वेगळ्या गटात मोजतात आणि तिथं १८ टक्केच आहे. म्हणजे क्लचवर ५ आणि त्या क्लचला ऑइलपासून वाचवणाऱ्या सीलवर १८. सीलची किंमत काही शे रुपये, त्यामुळं फरक फार मोठा नाही. पण पक्कं बिल घ्या आणि कोणत्या मालाला किती टक्के लावले ते वाचा. क्लचला १८ लावले असतील तर दुकानदाराला विचारायचा तुमचा हक्क आहे.

आधी गळती ओळखा

बरेच जण ऑइल दिसलं की सील बदलायला सांगतात. महिन्याभरात नवं सीलही गळतं आणि मग दोष मिस्त्रीवर येतो. खरं कारण बऱ्याच वेळा दुसरंच असतं.

पहिलं कारण ब्रिदर. इंजिनच्या चेंबरमधला दाब बाहेर जायची ती वाट. ती काजळी-मातीनं तुंबली की दाब सीलवर येतो आणि ऑइल बाहेर ढकललं जातं. ब्रिदर डिझेलमध्ये धुऊन बसवा, दोन-तीन दिवस ट्रॅक्टर चालवून बघा. याला खर्च नाही.

दुसरं, चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण काढून बघा. भकाभका धूर येत असेल तर रिंगा-लायनर झिजलेत. अशा इंजिनला नुसतं सील टिकणार नाही, आधी इंजिनचं काम.

तिसरं, पट्टीवर ऑइलची पातळी. खुणेच्या वर असेल आणि ऑइल पातळ, डिझेलचा वास असेल तर पंपातून डिझेल खाली उतरतंय. आणि ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या पुरात ज्यांचे ट्रॅक्टर बुडाले त्यांनी हे आधी तपासावं. पाणी गेलेलं इंजिन ऑइल बदलल्याशिवाय फिरवू नये.

पुढचं सील, मागचं सील

गळती पुलीच्या मागून असेल तर काम सोपं. बेल्ट काढायचा, पुलरनं पुली ओढायची, टायमिंग कव्हरमधलं सील काढायचं. पुलीच्या दांड्यावर जुन्या सीलनं चर पाडलाय का ते नखानं तपासा. चर असेल तर लेथवर बुश किंवा स्लीव्ह बसवून घ्या, नाहीतर सील जागेवर एक-दोन मिलिमीटर पुढं-मागं बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर फिरेल. सीलची स्प्रिंगची बाजू आत, ऑइलकडं. ओठाला ऑइल लावून, सगळीकडून सारखं ठोकत बसवायचं. कोरडं किंवा तिरकं बसलेलं सील पहिल्याच दिवशी फाटतं.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून, क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकातून थेंब पडत असतील तर घाई नको. तिथं दोन सीलचं ऑइल येऊ शकतं. काळं आणि पातळ असेल तर क्रँकच्या मागच्या सीलचं. घट्ट आणि उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सचं. दोन्हीसाठी ट्रॅक्टर मधून खोलावाच लागतो. पुढच्या एक्सलला दोन्ही बाजूंनी पाचर, दोन्ही भागांखाली मजबूत टेकू, नुसत्या जॅकवर भरवसा नाही. हे काम एकट्याचं नव्हे.

पर्किन्स बनावटीच्या जुन्या इंजिनात मागं रबरी सील नसतं, दोन अर्ध्या कड्यात दोरीचं पॅकिंग असतं. ते बसवणारा हात वेगळा लागतो. तो मिस्त्री आपल्या भागात आता म्हातारा होत चाललाय.

सील घेताना जुनं सोबत न्या. त्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. साधं नायट्राइल रबर १०० अंशांच्या आसपास उष्णता सोसतं, व्हिटॉनचं २०० पर्यंत. मागच्या जागेसाठी चांगल्यातलं घ्या, कारण तिथं महाग आहे ती खोलजोड.

हिशोब

मागच्या सीलच्या कामात सील सगळ्यात स्वस्त. मजुरी आणि क्लच प्लेट हा खरा खर्च. ऑइल लागलेली प्लेट धुऊन भागत नाही, ती पुन्हा सरकते. ट्रॅक्टर खोललाच आहे तर प्लेट, रिलीज बेअरिंग, गिअरबॉक्सचं पुढचं सील एकदाच करून घ्या. दुसऱ्यांदा खोलायची मजुरी वाचते.

आता नव्याचं बघू. करासोडून ६ लाखांच्या ट्रॅक्टरवर आधी ७२ हजार कर होता, आता ३० हजार. ४२ हजार वाचले. महाडीबीटीवर नंबर लागला तर अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीला १ लाख २५ हजारांपर्यंत आणि इतरांना १ लाखापर्यंत अनुदान. तरी पाच लाखांच्या वर उरतातच. ते कर्जानं आले तर सहा महिन्याला हप्ता. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये, पण सुगीत लातूरच्या आडतीत भाव त्याच्या खालीच राहिला. त्यात अतिवृष्टीनं उतारा पडला. भाडं मारायला ट्रॅक्टर नसेल, स्वतःची दहा-बारा एकरच असेल, तर इंजिन दमदार असलेला जुना दुरुस्त करणंच परवडतं. रिंगा गेल्यात, गिअर सुटतात आणि गळतीही आहे, असं तिन्ही एकत्र असेल तर मात्र नव्याचा विचार करा. कागदंही बघा. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं तपासणी करून नूतनीकरण लागतं.

मागणी काय करायची

नव्या ट्रॅक्टरला अनुदान आहे, जुन्याच्या दुरुस्तीला त्यात जागा नाही. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग तर केंद्रानं २०१६ मध्ये बंद करायचा निर्णय घेतला. ते ट्रॅक्टर आजही शेतात चालतात, भाग मात्र जुन्या बाजारात शोधावे लागतात. सील-गॅस्केट ५ टक्क्यांत आणावेत आणि आयटीआयच्या मेकॅनिक ट्रॅक्टरच्या पोरांना या जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली काही महिने काम मिळावं, या दोन गोष्टी ग्रामसभेच्या ठरावात घालून आमदार-खासदारांकडं द्यायला काही खर्च येत नाही.

तोवर उन्हाळी नांगरटीच्या अगोदर एक काम करा. रात्री ट्रॅक्टरखाली कोरा पुठ्ठा टाका. सकाळी डाग कुठं पडला, काळा का घट्ट, ते बघा आणि मगच मिस्त्रीकडं जा.