गाठोडे बांधणारे हात

गेल्या क्रीडासंमेलनात विजयी संघांस ढाली मिळाल्या, टाळ्यांचा कडकडाट झाला, छायाचित्रे निघाली. परंतु आदल्या दिवशी भल्या पहाटे येऊन मैदानातील काटेकुटे वेचणाऱ्या आणि फक्कीच्या रेषा आखणाऱ्या मुलांची नावे कोणीही वाचून दाखविली नाहीत, आम्हीही नाहीत. ही चूक आमच्या मनास टोचली खरी, परंतु तिचा पुरता अर्थ उमगला तो मैदानावर नव्हे, तर संगणकाच्या खोलीत.

झाले असे. नववीतील काही विद्यार्थ्यांनी कोठून तरी एक खेळ पेनड्राइव्हवर आणला. आमच्या संगणकांवर लिनक्स आहे. खेळ काही केल्या उघडेना. अमुक एक लायब्ररी सापडत नाही, एवढेच इंग्रजी वाक्य पडद्यावर पुनःपुन्हा येई. सारा तास त्यातच गेला. दुसऱ्या दिवशी तोच खेळ लिनक्सच्या स्वतःच्या भांडारातून एका आज्ञेसरशी उतरविला. तो आपली सारी सामग्री बरोबर घेऊन आला आणि जरा रेंगाळत का होईना, सुरू झाला. मुले खेळात दंग झाली. आम्ही मात्र विचारात पडलो. खेळ तोच, संगणक तोच. मग कालच्यात आणि आजच्यात अंतर पडले ते कोणामुळे?

त्या खेळाचे नाव ‘झिरो ए. डी.’. प्राचीन काळातील राज्ये वसवावयाची, शेती करावयाची, किल्ले बांधावयाचे, असा तो खेळ. २००१ साली काही हौशी मंडळींनी त्याची कल्पना मांडली आणि २००९ साली त्याची मूळ आज्ञावली सर्वांस खुली केली. ती कोणीही वाचावी, सुधारावी, वाटावी. ग्रीक आणि रोमन यांच्या बरोबरीने त्यात मौर्यही आहेत, सम्राट अशोकही आहे. आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील सन्नती येथे अशोकाचे लेख सापडले आणि जवळच्या कनगनहळ्ळीस त्याचे नाव कोरलेले शिल्प मिळाले, हे विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. परंतु खेळ घडविणे ही एक गोष्ट आणि तो हजारो कोस दूरच्या अनोळखी मुलाच्या संगणकावर बिनचूक चालेल असा पोहोचविणे ही दुसरी. हे दुसरे काम करणारी माणसे निराळी असतात. ती खेळाचे ‘पॅकेज’ बांधतात. आपल्या भाषेत म्हणावयाचे तर गाठोडे बांधतात.

लिनक्सच्या अनेक वितरणांपैकी डेबियन हे एक जुने आणि मान्यता पावलेले वितरण. इयान मर्डॉक नामक एका अमेरिकन विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याची घोषणा केली. २०२३ च्या जूनमध्ये निघालेल्या त्याच्या बाराव्या आवृत्तीत चौसष्ट हजारांहून अधिक पॅकेजे होती, आणि ती जगभरच्या स्वयंसेवकांनी बांधलेली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात ह्या मंडळींचे जागतिक संमेलन आपल्याच देशात, कोची येथे भरले होते.

पॅकेज बांधणारा नेमके करतो तरी काय? खेळाला चालण्यासाठी दुसऱ्या कोणकोणत्या सामग्रीची गरज आहे, याची तो यादी करतो, म्हणजे ती सामग्री आपोआप बरोबर येते. आमच्या विद्यार्थ्यांच्या पेनड्राइव्हवर उणीव होती ती हीच. ‘झिरो ए. डी.’ची त्याने वेगवेगळी गाठोडी केली आहेत. आज्ञावली प्रत्येक जातीच्या संगणकासाठी निराळी सिद्ध करावी लागते. चित्रे आणि ध्वनी मात्र सर्वांस सारखेच, म्हणून ते एकदाच वेगळे बांधले की भागते. पुढे तो प्रत्येक चित्राचा, प्रत्येक ध्वनीचा परवाना वाचतो. हे कोणाचे? कोणत्या अटीवर दिले? ज्याचा मालक ठाऊक नाही आणि ज्यास अनुमती नाही, ते गाठोड्यात जात नाही. एखादा दोष आढळला तर तो मूळ कर्त्यांस कळवितो, आणि केलेली दुरुस्ती स्वतःपाशी न ठेवता त्यांच्याकडे धाडतो. नवख्याचे काम तर अनुभवी माणसाने तपासल्यावाचून भांडारात घेतच नाहीत.

हे वाचून बिदरीच्या कारागिरीची आठवण कोणास होणार नाही? जस्त-तांब्याचा घाट एकजण ओततो, दुसरा त्यावर वेलबुट्टी कोरतो, तिसरा त्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवितो. अखेरीस किल्ल्यातील मातीच्या साहाय्याने भांडे काळे करतात, तेव्हाच चांदी उठून दिसते. त्या शेवटच्या हाताने कंटाळा केला, तर आधीच्या तिघांचे कौशल्य झाकलेलेच राहील. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, बांधणाऱ्याची योग्यता घडविणाऱ्याहून तसूभरही कमी नाही. आणि शाळांनी ह्या कामास मान दिला पाहिजे.

कोणी पालक विचारतील, “खेळापायी इतका खटाटोप? आणि तोही बिनपैशाचा?” शंका रास्त आहे. आम्हीही अभ्यास सोडून खेळत बसा असे सांगत नाही. परंतु खेळ हे येथे केवळ निमित्त आहे. शिकावयाचे ते निराळेच. आमच्याकडे येणाऱ्या प्रकल्पवह्या पाहा. कोठली तरी चित्रे काढून चिकटविलेली असतात आणि ती कोणाची, याचा उल्लेख क्वचितच असतो. आम्हीही वर्षानुवर्षे त्यांवर मुकाट्याने गुण देत आलो आहोत. पॅकेज बांधणारा जो प्रश्न प्रत्येक चित्रास विचारतो, तो प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांनी स्वतःस विचारावयास शिकावे, हे काय थोडे झाले? पैशाविषयी म्हणाल, तर कायक आणि दासोह हे शब्द ज्या भूमीने बाराव्या शतकात जगाला दिले, त्या बसवकल्याणच्या शेजारी राहणाऱ्यांस आम्ही अधिक काय सांगावे? आपले काम निष्ठेने करावे आणि त्याचे फळ सर्वांच्या पंक्तीस वाढावे, हीच ती रीत.

मात्र ह्या कार्याची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. बांधणारा थकतो, संसारात गुंततो, आणि त्याच्या पॅकेजकडे पाहावयास कोणी उरत नाही. अशा पॅकेजास डेबियनमध्ये ‘अनाथ’ म्हणतात. कोणी पुढे येऊन त्यास दत्तक घेतले तर ते जगते; न घेतले तर एक दिवस भांडारातून निघूनही जाते. भाषांचेही असेच नव्हे काय? आमची मातृभाषा कोंकणी. ती देवनागरीत लिहितात, रोमीत लिहितात, कानडीत लिहितात, मल्याळम लिपीतही लिहितात. आपले काम दुसरा कोणी करील म्हणून वाट पाहणे लहान भाषेला परवडत नाही, हे आम्ही घरीच शिकलो. भालकीत मराठीची स्थिती फारशी वेगळी नाही. घरी आणि शाळेत मराठी, बाजारात आणि कचेरीत कानडी. दोन्ही आपल्याच, दोन्ही उत्तम याव्यात. परंतु संगणकावरील मराठीची काळजी आपण मराठी वाचणाऱ्यांनी न घेतली तर ती घेणार कोण? २००९ च्या फेब्रुवारीत निघालेल्या आवृत्तीपासून डेबियन संगणकावर बसवितानाच मराठी निवडता येऊ लागली. ती कोणा सरकारच्या हुकमाने आली नाही. कोणी तरी बसून एकेक वाक्य मराठीत उतरविले, म्हणून आली.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, आमची सूचना अगदी लहान आहे. भांडारातील प्रत्येक पॅकेजाबरोबर त्याचे चार ओळींचे वर्णन असते, आणि त्या वर्णनांची भाषांतरे स्वयंसेवकच करतात. येत्या वर्षी तुमच्यापैकी चौघा-पाचजणांनी दहा खेळांची वर्णने शुद्ध आणि सोप्या मराठीत उतरवावीत. एकाने खेळ चालवून दोष टिपावेत, दुसऱ्याने परवाने वाचावेत, तिसऱ्याने भाषांतर ताडून पाहावे. व्याकरण तपासण्याचे काम आम्ही आपणहून अंगावर घेतो. दहाची पाच झाली तरी चालतील. परंतु जी होतील ती चोख व्हावीत, कारण ती उघडणारा मुलगा तुम्हांस कधीही भेटणार नाही आणि चूक झाली तर तुमच्याकडे तक्रार घेऊन येणार नाही.

आणि पुढील क्रीडासंमेलनात ढाली वाटण्यापूर्वी फक्कीच्या रेषा आखणाऱ्यांची नावे वाचून दाखविली जातील. तेवढे आम्ही आमच्याकडे लागू समजतो.