सिकलसेलचं कार्ड तर मिळालं, रक्ताचा डॉक्टर कधी भेटणार?

'हेमॅटॉलॉजी अँड ऑन्कॉलॉजी' अशी पाटी नागपूरच्या एका हॉस्पिटलच्या दारावर होती. ती वाचून माझ्या मैत्रिणीचे बाबा बाहेरच्या बाकावर बसले ते उठेचनात. ऑन्कॉलॉजी म्हणजे कॅन्सर, एवढं त्यांना ठाऊक होतं. पोराला कॅन्सर झालाय आणि आपल्याला कुणी सांगत नाहीये, असंच त्यांना वाटलं.

कॅन्सर नव्हता. सिकलसेल होता. आणि तो आहे हे घरात सगळ्यांना आधीपासून माहीत होतं, कारण गावात झालेल्या तपासणीत मुलाला कार्ड मिळालं होतं. त्यावर 'एसएस' असं लिहिलेलं. देवरीच्या पुढचं गाव, गोंदिया जिल्हा. कार्ड आईने रेशनकार्डाच्या पिशवीत नीट जपून ठेवलं. पोराचे हातपाय ठणकले की गावातला डॉक्टर इंजेक्शन द्यायचा, दोन दिवसांत बरं वाटायचं. गेल्या दिवाळीत ताप आला, छातीत दुखायला लागलं, धाप लागली, तेव्हा थेट नागपूर गाठावं लागलं. रक्ताच्या आजारांचा डॉक्टर असतो, म्हणजे हेमॅटॉलॉजिस्ट, हे या घराला तिथे पहिल्यांदा कळलं.

कार्ड मिळाल्यापासून डॉक्टर भेटेपर्यंत जवळपास दीड वर्ष गेलं. हा लेख त्या दीड वर्षाबद्दल आहे.

आधी सरकारचं बघू. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मिशन सुरू केलं. ० ते ४० वयोगटातल्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवायचा, असं ठरलं. १७ राज्यांतले २७८ जिल्हे यात आहेत. जुलै २०२५ पर्यंत ६ कोटींहून जास्त लोकांची तपासणी झाली. त्यात २ लाखांहून जास्त रुग्ण सापडले आणि वाहक जवळपास १७ लाख.

तपासणीचा वेग खरंच चांगला आहे, यात वाद नाही. पण तपासणीने फक्त नाव कळतं.

आता हा आजार नेमका काय? आपल्या लाल पेशी गोल आणि लवचिक असतात, बारीक रक्तवाहिनीतून वाकून निघून जातात. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या जनुकात एक छोटा बदल असतो. ऑक्सिजन कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. मग ती अडकते, तिच्या मागचा रक्तप्रवाह तुंबतो आणि ज्या भागाला रक्त मिळत नाही तो भाग ठणकायला लागतो. थंडी, ताप, पाणी कमी पिणं, अतिश्रम, यातलं काहीही निमित्त पुरतं. ज्यांनी हे दुखणं भोगलंय ते त्याला 'दुखणं' म्हणत नाहीत, हाडं फुटतायत असं सांगतात. आणि बाहेरून काहीच दिसत नाही, त्यामुळे शाळेत मास्तरांना, घरी काकांना वाटतं पोरगं नाटक करतंय.

भारतात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये पहिल्यांदा आढळला. तेव्हापासून 'आदिवासींचा आजार' हा शिक्का बसला तो बसलाच. प्रत्यक्षात विदर्भात तो अनुसूचित जाती आणि ओबीसी समाजांतही सापडतो. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट ही नावं बातम्यांत येतात, पण नागपूर शहरातही रुग्ण आहेत.

आणखी एक गैरसमज डॉक्टरांमध्येही बरीच वर्षं होता. भारतातल्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त प्रमाणात टिकून राहतं, त्यामुळे आपल्याकडचा सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो, असं मानलं जायचं. काहींच्या बाबतीत ते खरंही आहे. पण विदर्भातल्या रुग्णांवर काम करणाऱ्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की इथे गंभीर रुग्णही भरपूर आहेत.

मग हेमॅटॉलॉजिस्ट असं वेगळं काय करतो?

मैत्रिणीच्या भावाचंच सांगते. त्याचं हिमोग्लोबिन आठच्या आसपास असायचं. गावात प्रत्येक वेळी लोहाच्या गोळ्या मिळायच्या. पण सिकलसेलमध्ये पेशी लवकर फुटतात म्हणून हिमोग्लोबिन कमी असतं, लोह कमी असतंच असं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी आधी फेरिटिन तपासलं, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. तो व्यवस्थित होता. गोळ्या बंद, फॉलिक ॲसिड सुरू. रक्त चढवायचं का, किती, कधी, हाही त्यांचाच निर्णय, कारण अशा रुग्णाचं हिमोग्लोबिन घाईने खूप वाढवलं तर रक्त घट्ट होऊन उलटा त्रास होतो.

मग न्यूमोकॉकलसारख्या लशी. सिकलसेलमध्ये प्लीहा लवकर निकामी होते आणि जंतूंशी लढायची ताकद कमी होते, म्हणून लशी महत्त्वाच्या. लहान मुलांमध्ये डोक्याच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी, कारण या आजारात लहानपणीही पक्षाघात होऊ शकतो. आणि एक साधा नियम कागदावर लिहून दिला: १०१ च्या वर ताप गेला की घरी थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

या सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हायड्रॉक्सीयुरिया. ही कॅप्सूल नवी नाही. अमेरिकेत मोठ्या माणसांच्या सिकलसेलसाठी तिला १९९८ मध्येच मान्यता मिळाली. तिने गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढतं, दुखण्याचे झटके कमी होतात, रक्त चढवायची वेळ कमी येते. महागही नाही, सरकारी यंत्रणेतून मोफतही मिळते. तरी अनेकांना ती सुरूच केली जात नाही. एक तर ती काही प्रकारच्या ब्लड कॅन्सरमध्येही वापरतात, त्यामुळे मेडिकलवाल्याने 'अहो, ही तर कॅन्सरची गोळी' असं म्हटलं की माणूस घरी जाऊन बाटली ठेवून देतो. दुसरं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली जाऊ नयेत म्हणून सीबीसी वरचेवर करून डोस ठरवावा लागतो आणि गरोदरपणाचा विचार करावा लागतो. ज्या डॉक्टरने हे कधी केलेलं नाही, तो हात घालायला कचरतो. माझ्या मते सगळं घोडं इथेच अडलंय. औषध आहे, रुग्ण सापडलाय, पण औषध सुरू करण्याचा आत्मविश्वास तालुक्याच्या पातळीवर नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रत्येक गावात हेमॅटॉलॉजिस्ट द्या. ते होणार नाही. एमबीबीएस, मग एमडी, मग तीन वर्षांचं डीएम, एवढं शिकल्यावर हा तज्ज्ञ तयार होतो, आणि तो मुंबई, पुणे, नागपूरसारख्या मोठ्या शहरातच बसतो. पण दर वेळी त्याने बघायचीही गरज नसते. त्याने एकदा नीट तपासून आराखडा ठरवून द्यायचा, पुढची सीबीसी आणि औषधं प्राथमिक आरोग्य केंद्राने सांभाळायची आणि अडलं तर ई-संजीवनीसारख्या टेलिमेडिसिनवर विचारायचं, हे जमण्यासारखं आहे. त्यासाठी प्रत्येक 'एसएस' कार्डासोबत पुढच्या अपॉइंटमेंटची तारीख असायला हवी. मैत्रिणीच्या भावाच्या कार्डावर ती नव्हती.

कार्डावर 'एएस' असेल तर? तो वाहक. बहुतेक वाहक ठणठणीत असतात, त्यांना औषध लागत नाही. त्यांच्यासाठी प्रश्न लग्नाचा. दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. प्रत्येक गरोदरपणात, हे नीट वाचा. 'पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली' असा हिशोब लावणारी माणसं मी पाहिलीत. शिवाय एक सिकलसेलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असला तरी मूल गंभीर आजारी होऊ शकतं, म्हणून फक्त सिकलसेलची चाचणी दोघांची करून भागत नाही. गावातली सोल्युबिलिटी चाचणी तर एवढंच सांगते की 'एस' हिमोग्लोबिन आहे. वाहक की रुग्ण, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसवरच ठरतं.

पण लग्नाच्या बैठकीत हे कोण बोलणार? मुलगी वाहक आहे कळलं की स्थळ मोडतं, म्हणून कार्डं लपवली जातात. मुलाचं कार्ड कुणी मागत नाही, हे वेगळं सांगायला नको.

हे वाचताना 'आमच्याकडे सिकलसेल नाही बुवा' म्हणत असाल, तर थोडं तुमच्या घराकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांना ॲनिमिया आहे. यातल्या बऱ्याच जणींना लोह आणि आहार, याचीच गरज आहे, हेमॅटॉलॉजिस्टची नाही. पण काही महिने गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर 'अशक्तपणा आहे, बीट खा' एवढ्यावर थांबू नका. थॅलेसेमिया मायनरमध्ये पेशी लहान असतात पण त्यांची संख्या बरेचदा भरपूर असते आणि रिपोर्ट वरवर लोहाच्या कमतरतेसारखाच दिसतो. कारण नसताना अंगावर निळे डाग, दात काढल्यावर न थांबणारं रक्त, वरचेवर कमी होणाऱ्या प्लेटलेट, सीबीसीत 'ब्लास्ट' हा शब्द, अशा वेळी मात्र आपल्या फॅमिली डॉक्टरकडून चिठ्ठी मागून घ्या. डेंग्यूत प्लेटलेट घसरल्या म्हणून लगेच रक्ताच्या डॉक्टरकडे धावायची गरज सहसा नसते, त्या बहुतेकांच्या आपोआप चढतात.

कायद्याचंही एक सांगून टाकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे तीन रक्तविकार आहेत. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर उच्च शिक्षणात ५ टक्के आरक्षणाचा फायदा मिळतो. सरकारी नोकरीतल्या ४ टक्क्यांच्या यादीत मात्र हे आजार नाहीत. म्हणजे शिकायला सवलत, नोकरीच्या वेळी नाही.

आणि हो, जनुकीय उपचाराच्या रील्स तुमच्याही फीडवर आल्या असतील. कॅसगेव्ही या उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली, अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. भारतातही नोव्हेंबर २०२५ मध्ये 'बिरसा १०१' या देशी उपचाराची घोषणा झाली आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटकडे गेलं. चांगलीच बातमी आहे. पण देवरीच्या पुढच्या गावात आज जे पोहोचायला हवं ते सीबीसी आणि कॅप्सूल.

मैत्रिणीचा भाऊ आता १८ वर्षांचा आहे. दर तीन महिन्यांनी एसटीने देवरी, तिथून हायवेने नागपूर. बाबा दर वेळी सोबत जातात आणि एक दिवसाची मजुरी बुडते. गेल्या चार महिन्यांत इंजेक्शन घ्यायची वेळ आली नाही, असं ती परवा फोनवर म्हणाली. पाटीखालच्या त्या बाकावर बाबा अजूनही बसतात, पण आता डबा उघडून.