चूक तुमची, पुरावा आमचा?

पवनी तालुक्यातल्या आसगावात एखाद्याच्या सातबाऱ्यावरचे 0.81 हेक्टर संगणकावर चढताना 0.18 झाले, तर त्याचे शेत काय वैनगंगेत वाहून गेले? बांध जागेवर, धुरा जागेवर. उलटले ते फक्त दोन आकडे, तेही सरकारी बोटाखाली. पण आधारभूत खरेदी केंद्रावर धानाची मोजणी त्या 0.18 वर, पीककर्ज त्या 0.18 वर. आणि दुरुस्ती मागायला गेलेल्याला उत्तर काय मिळते? पुरावा आणा!

अहो, पुरावा तुमच्याच कपाटात आहे! गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, दुसरे काय सांगते? जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, कशाने गेली, कधी गेली, नोंद कोणी प्रमाणित केली. जुने नाव खोडायचे नाही, कंसात घालायचे. नव्याशेजारी फेरफार क्रमांक वर्तुळात लिहायचा. हीच शिस्त डेटाबेसवाले जर्नल म्हणून पाळतात: प्रत्येक बदलाआधीचे मूल्य, नंतरचे मूल्य, वेळ आणि करणाऱ्याचे नाव. चुकीचा बदल सापडला की आधीचे मूल्य परत बसवायचे, आणि ही उलट नोंदही जर्नलात ठेवायची. नंतरचे खरे व्यवहार मात्र जसेच्या तसे राहिले पाहिजेत. सगळा जुना साठा आंधळेपणाने परत चढवला, तर मधल्या काळात झालेली वारस नोंद बुडेल. अक्कल लागते ती इथे.

ती अक्कल वापरण्याची संधी मिळाली नाही, असे सरकारने म्हणूच नये. 2017 साली संगणकावरच्या सातबाऱ्यांचे चावडीवाचन झाले, 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला. मात्र स्वाक्षरी डिजिटल झाल्याने खाली छापलेला चुकीचा आकडा बरोबर होत नाही! उलट महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरीच मानायची. म्हणजे चूक करणारा मोकळा आणि भोगणारा वकिलाच्या दारात. खरे तर त्याच संहितेतले कलम 155 लेखनप्रमाद केव्हाही दुरुस्त करू देते. तपासणीत अधिकाऱ्याच्या नजरेस आलेली चूकसुद्धा, संबंधितांना नोटीस देऊन. पण नजर टाकायचीच नसेल तर नजरेस येणार काय? तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी 2024 साली एका निर्णयाने झाला. शेतकऱ्याच्या दोन आकड्यांसाठी मात्र तारखांवर तारखा.

फेरफाराचे क्षेत्र आणि सातबाऱ्याचे क्षेत्र कुठे जुळत नाही, हे यंत्राला विचारले तर यंत्रच सांगेल. अशा सातबाऱ्यांची यादी सरकारने स्वतः काढावी, चावडीवर लावावी, आणि अर्जाची वाट न पाहता 155 खाली नोटिसा काढाव्यात. तोवर आसगावकरांनो, नुसता सातबारा घेऊन परतू नका. फेरफाराची नक्कल मागा, दोन्ही कागद शेजारी ठेवून ताडून पाहा, आणि अर्जाची पोच हातात पडल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका!